टेबलाखालचा पीसी नोंदवहीत आणताना

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदमच गेली. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटीला आहे, तेव्हाही होते. वीज आल्यावर आम्ही यादीप्रमाणे एकेक सर्व्हर सुरू केला, ईआरपी (खरेदी-विक्री, साठा, हिशेब सगळं सांभाळणारं कंपनीचं मुख्य सॉफ्टवेअर) उघडलं, मेल सुरू झाले. तरी गेटवर गाड्यांची रांग हलेना. डिस्पॅचचे काका धावत वर आले, "मॅडम, गेटपास निघत नाहीये!"

गेटपास छापणारं ते छोटं अ‍ॅप्लिकेशन आमच्या एकाही यादीत नव्हतं. बरीच शोधाशोध केल्यावर ते अकाउंट्समधल्या एका टेबलाखाली सापडलं. जुना पीसी, त्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद, "बंद करू नये". वीज आली तरी तो आपोआप सुरू होत नव्हता. कोणीतरी वाकून बटण दाबायचं होतं, एवढंच.

त्यानंतर रिस्कसाठीची अ‍ॅप्लिकेशन नोंदवही, म्हणजे कंपनीत कोणकोणतं सॉफ्टवेअर चालतं आणि ते बंद पडलं तर काय अडेल याची यादी, ठेवायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं. तुमच्याकडे हे काम नव्याने आलं असेल तर माझा पहिला आग्रह हा, की आयटीच्या जुन्या यादीवर विसंबू नका. अकाउंट्सकडून वर्षभराची सॉफ्टवेअरची बिलं मागा, कंपनीच्या कार्डावरून जाणारी मासिक वर्गणीसुद्धा. फायरवॉलचे लॉग (कंपनीचं नेटवर्क बाहेर कुठे कुठे जोडलं गेलं त्याच्या नोंदी) आणि सर्व्हरवरची शेड्यूल केलेली कामं पाहा. मग प्रत्येक खात्यात जाऊन खुर्ची ओढून शेजारी बसा. "कोणतं सॉफ्टवेअर वापरता?" असं विचारलंत तर "ईआरपी" एवढंच उत्तर येतं. "सकाळी आल्यापासून काय काय उघडता ते दाखवा" म्हटलं की मॅक्रोवाली, म्हणजे आपोआप कामं करणारी, एक्सेल निघते, बँकेची फाईल तयार करणारा कुणीतरी लिहून दिलेला प्रोग्रॅम निघतो. जे बंद पडल्यावर काम थांबतं, ते माझ्या लेखी अ‍ॅप्लिकेशनच, मग ती एक्सेल का असेना.

एका ओळीत एकच अ‍ॅप्लिकेशन. अधिकृत नावाशेजारी लोक त्याला काय म्हणतात तेही लिहा, कारण फोनवर तेच नाव ऐकू येतं. ते कुठल्या मशीनवर चालतं, त्यात कोणाची माहिती आहे, कोणती आवृत्ती, तिचा सपोर्ट कधी संपतो, हे रकाने सरळ आहेत. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा वाढीव (एक्स्टेंडेड) सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. अशी तारीख नोंदवहीत असेल तर नव्या सर्व्हरसाठी बजेट आधीच मागता येतं. मालक म्हणून मात्र "आयटी विभाग" लिहू नका. ज्याचं काम त्या अ‍ॅप्लिकेशनवर चालतं तो मालक. त्याचं नाव लिहा आणि तो रजेवर असेल तर कोण, तेही लिहा.

खरा वेळ द्यायचा तो "किती वेळ बंद चालेल" या रकान्याला. आपण आयटीवाले त्याला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) म्हणतो, पण तो शब्द समोरच्याला विचारू नका. "हे किती महत्त्वाचं?" असंही विचारू नका, सगळे "फार महत्त्वाचं" म्हणतात. मी विचारते, "आत्ता बंद पडलं तर पहिला फोन कोणाचा येईल? दुपारपर्यंत बंदच राहिलं तर काय अडेल? तोवर वहीत लिहून भागेल का?" आणि तारीखही विचारा. जीएसटीचं काम पाच तारखेला एक दिवस थांबलं तर चालतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत अकरा तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची वीस तारखेला असते, तेव्हा तासभरही चालत नाही. किती वेळाची नोंद गेली तर ती हाताने परत भरता येईल, हा आरपीओचा (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह) प्रश्नही तिथेच बसून विचारा.

मग बाण काढा, कोण कोणाकडून माहिती घेतं त्याचे. आमच्या डिस्पॅचने सांगितलं, दोन तासांच्या वर थांबता येणार नाही. ते ज्या डेटाबेसवर उभं आहे तो बॅकअपवरून परत उभा करायला किती वेळ लागतो, ते आम्ही एका रविवारी प्रत्यक्ष करून पाहिलं. सात तास लागले. ही पाच तासांची तफावत म्हणजेच रिस्क, आणि ती रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या जोखमींच्या नोंदवहीत, डिस्पॅचच्या साहेबांच्या सहीने गेली पाहिजे. म्हणून "बॅकअप आहे: हो" असा रकाना मी ठेवतच नाही. शेवटचं रिस्टोअर कधी केलं आणि किती वेळ लागला, एवढंच लिहिते.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात कोणते तयार घटक आहेत, त्यांची यादी विक्रेत्याकडून करारातच मागून घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉगफोरजे या घटकातली त्रुटी जाहीर झाली, तेव्हा पहिला प्रश्न "आपल्याकडे हा कुठे कुठे आहे?" हाच होता. ज्यांची यादी हाताशी होती त्यांचं उत्तर मिनिटांत मिळालं. बाकीच्या विक्रेत्यांना आम्ही कित्येक दिवस फोन करत होतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. तेव्हा कोणत्या अ‍ॅप्लिकेशनचे लॉग कुठे साठतात, तो रकानाही आत्ताच भरा.

पासवर्ड या वहीत कधीही नको. प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या पडताळणीची तारीख हवी. सहा महिन्यांपेक्षा जुनी दिसली की मी उठून त्या टेबलापाशी जाते, मेल करत नाही.

आणि वही ज्या सर्व्हरवर आहे तोच बंद पडला तर? पूर्ण वहीत आपल्या सगळ्या कच्च्या जागा आहेत, म्हणून ती छापून ठेवत नाही. सुरू करायचा क्रम आणि फोन नंबर एवढंच एक पान सर्व्हर रूमच्या कपाटात असतं. गेटपासचा पीसी त्यात चौथा आहे, कोणी जाऊन बटण दाबायचं त्या नावासकट.