‘आपण काय त्यात बसत नाय’ म्हणण्याआधी कागद बघा: सरकारी अनुदानाच्या बाबतीत या चुका टाळा

दिवाळीनंतर आमच्या वाडीतली एक काकी दुधाच्या रिकाम्या पिशवीत कागद घालून माझ्या पडवीत येऊन बसली. म्हणाली, “माका कायच गावणा नाय. माझा नाव खयच नाय.”

पिशवी उलटी केली. रेशनकार्डावर सहा नावं. त्यातला मोठा झील अकरा वर्षं विरारला, सून आणि नातू त्याच्याबरोबर. चेडवाचं लग्न होऊन ती कणकवलीला, तरी तिचं नाव इथेच. सातबारावर सदतीस नावं, त्यात काकीच्या घोवाचं, म्हणजे नवऱ्याचं, एक. तो २०२१ मध्ये गेला. आधारवर काकीचं लग्नानंतरचं नाव, पासबुकावर माहेरचं. काकी राहते एकटी, पण कागदांप्रमाणे त्या घरात सहा माणसं जेवतात आणि तिचा घो अजून जिवंत आहे.

बचत गटाच्या कामामुळे मालवण तालुक्यातली अशी बरीच घरं मी आतून बघितली आहेत. माझं ठाम मत झालं आहे की आपल्याकडे खरोखर अपात्र ठरणाऱ्यांपेक्षा कागदावरचं घर आणि खरं घर जुळत नाही म्हणून अडकलेली माणसं जास्त आहेत. मुंबई-पुण्याला गेलेली पिढी, सामाईक जमीन आणि लग्नात बदललेली नावं कोकणात घरोघरी आहेत. त्यामुळे चुकाही त्याच त्याच होतात.

एका योजनेचं ‘नाही’ सगळ्या योजनांना लावणं

तहसीलमध्ये एकदा अर्ज परत आला की माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. पण प्रत्येक योजनेची उत्पन्नाची अट वेगळी आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत ही मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. केशरी रेशनकार्ड १५,००० ते एक लाख उत्पन्नाला मिळतं. मुलीच्या जन्मापासून टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये देणारी लेक लाडकी योजना पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी आहे, पण मुलगी १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेली हवी. पीएम किसानला उत्पन्नाची मर्यादाच नाही. तिथे नावावर शेतजमीन लागते, आणि आयकर भरणारे, सरकारी नोकरीत असलेले आणि महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे वगळले जातात. सरकारी शिपाई किंवा चतुर्थ श्रेणीतून निवृत्त झालेल्यांना त्यात सूट आहे, हे तर अनेकांना माहीतच नसतं.

२१,००० ची अट मला मनापासून अन्यायाची वाटते. महिन्याला १,७५० रुपये झाले. तेवढ्यात कुठलं घर चालतं? तरीही खोटं उत्पन्न लिहून घ्यायचा सल्ला मी कोणाला देत नाही, कारण पुढे पडताळणीत तेच अंगावर येतं. उत्पन्न कोणाकोणाचं धरलं जातंय, एवढं मात्र नक्की विचारा. आमच्याच गावातल्या एका विधवा वयनीचा निराधारचा अर्ज दोनदा परत आला. चौकशीत झिलाचा मुंबईतला पगार घरात धरला होता, कारण कार्डावर तो तिच्याच चुलीवर जेवत होता. त्याचा संसार तिकडे वेगळा होता, फक्त नाव कमी करायचं राहिलं होतं. ते कमी करून त्याने तिकडे आपलं कार्ड काढलं, मग वयनीने स्वतःच्या उत्पन्नाचा नवा दाखला काढला आणि तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला. झील दर महिन्याला पैसे पाठवत असेल तर तेही चौकशीत सांगावं. लपवाछपवी नको.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला मे महिन्यात जोडला तर अर्ज परत येणारच. नवा दाखला एप्रिलमध्ये काढा म्हणजे वर्षभर कामाला येतो.

‘कुटुंब’ म्हणजे काय, हे न विचारणं

आपल्या बोलण्यात कुटुंब म्हणजे सगळी भावकी. लाडकी बहीण योजनेच्या शासन निर्णयात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. पीएम किसानमध्ये नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. म्हणजे दीर सरकारी नोकरीत असेल तर व्याख्येप्रमाणे तो तुमच्या कुटुंबात येत नाही. पण पडताळणीला रेशनकार्ड बघतात, आणि दीर-भावजय त्याच कार्डावर असली की प्रश्न उभा राहतो. चूल वेगळी झाली असेल तर कार्डही वेगळं करा. वर्षानुवर्षं हे काम मागे पडतं, कारण ‘कार्ड फोडलं’ की घर फुटल्यासारखं वाटतं. तसं काही होत नाही.

उलट चूकही होते. पीएम किसानला नवरा-बायको दोघांच्याही नावावर जमीन असेल तर दोघंही अर्ज करतात. हप्ता एकालाच लागू आहे. दोघांनी घेतला तर वसुली येते.

सातबारावर मेलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवणं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

काकीच्या घोवाला पीएम किसानचे वर्षाला ६,००० यायचे, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० सुरू झाले २०२३ मध्ये, तेव्हा तो नव्हता. काकीला वाटलं, माणूस गेला, पैसे गेले. खरं तर जमीन वारसाने तिच्या नावावर आली की तिला स्वतःचा अर्ज करता येतो. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ पूर्वीपासून जमीन नावावर असण्याची अट आहे, पण त्यानंतर खातेदाराचा मृत्यू होऊन वारसाने जमीन आली असेल तर ती आड येत नाही. क्षेत्र किती गुंठे आहे याचीही आता अट नाही, आणि सामाईक सातबारावर नाव असलं तरी चालतं. एक काळजी घ्या: माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात हप्ता आला तर तो काढू नका, परत भरावा लागतो.

मग वारस नोंद का होत नाही? दोन भीती असतात. पहिली, ‘नोंद केली की वाटण्या होतील’. वारस नोंद आणि वाटप या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदीने फक्त मेलेल्याच्या जागी वारसांची नावं लागतात, जमीन सामाईकच राहते. दुसरी, ‘मुंबईतल्या सगळ्यांच्या सह्या कोण आणणार?’ वारसांपैकी एकानेही अर्ज केला तरी चालतो. त्यात सगळ्या वारसांची नावं मात्र असली पाहिजेत. इथेच बहिणींची नावं गाळायचा मोह होतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव गाळलं तर हरकत येते, आणि यायलाच हवी.

कागद फार नाहीत: मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि पत्ते लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा). अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (आता हुद्दा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आहे, पण सजेत तलाठी म्हटलं तरी कळतं) किंवा ई-हक्क पोर्टलवर भरायचा. चौकशी होते, फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सातबारावर नाव आलं की शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, तो नव्या अर्जाला लागतो. कोणी ‘नोंदीचे इतके इतके हजार’ म्हणाला तर शासकीय पावती मागा.

१,५०० ऐवजी ५०० आले म्हणून बँकेशी भांडणं

बँकेने पैसे कापलेले नसतात. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून महिन्याला सरासरी १,००० होतात. ते जिच्या नावावर येतात तिला लाडकी बहीणच्या महिना १,५०० पैकी फक्त फरकाचे ५०० मिळतात. एकूण बेरीज १,५०० च राहते.

हे कळल्यावर काकी म्हणाली, “मगे कित्याक धावपळ?” प्रश्न बरोबर होता. मी तिला वय विचारलं. अठ्ठावन्न. लाडकी बहीण पासष्टपर्यंत आहे, जमिनीचा हप्ता वयाने थांबत नाही. पासष्टनंतर श्रावणबाळ आहे, पण ती आपोआप सुरू होत नाही, नवा अर्ज करावा लागतो, आणि तिथे २१,००० ची अट पुन्हा आडवी येते.

ज्या बाईला निराधारचे १,५०० आधीच मिळतात, तिला लाडकी बहीण लागू नाही. दोन्ही भरून बघण्याच्या नादात चालू असलेलं निराधारचं पेन्शन धोक्यात घालू नका. लाडकी बहीणचे अर्ज घेण्याची मुदत २०२४ च्या ऑक्टोबरात संपली होती. ‘आतून नाव घालतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, अर्ज फुकटच होता.

केवायसीत ‘नाही’ दाबणं

२०२५ च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीणला ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) सक्तीची झाली. त्यात घरातलं कोणी सरकारी नोकरीत नाही, अशा अर्थाचं वाक्य होतं आणि पुढे होय किंवा नाही. आमच्या बायकांनी मनातल्या मनात विचारलं, घरात सरकारी नोकरी हा काय? नाय. आणि ‘नाही’वर बोट ठेवलं. म्हणजे घरात सरकारी नोकर आहे असं नोंदवलं गेलं. ज्यांच्या घरात कोणी शिपाईसुद्धा नाही, त्यांचे पैसे असे थांबले. तुमचं तसं झालं असेल तर अंगणवाडी सेविकेकडे जा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन, आणि चूक कुठे झाली ते लेखी द्या.

काकीची अडचण वेगळी होती. केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागतात, आणि तिचे दोघंही हयात नाहीत. घोवाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडीत द्यायची, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

नाव, अंगठा आणि खातं

आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात, त्यामुळे तीन कागदांवर तीन बायका दिसतात. आधी आधार दुरुस्त करा, लग्नाच्या नोंदणीचा दाखला त्याला चालतो. मग बाकीचे कागद त्याच्याशी अक्षर न अक्षर जुळवा.

काजूच्या हंगामात ओले गर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात. चिकाने भाजलेला अंगठा मशीन घेत नाही, आणि बाई ‘माझो आधार बंद पडलो’ म्हणून घरी जाते. आधारला मोबाइल नंबर जोडून घ्या म्हणजे ओटीपीने काम होतं. डोळ्यांचं स्कॅनिंगही चालतं, आणि पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते.

‘खात्याला आधार लिंक आहे’ एवढ्यावर विसंबू नका. अनुदानाचे पैसे आधारला शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात, मग फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहिलेला असो. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघितलं की कुठली बँक ते दिसतं. एका वयनीचे आठ महिन्यांचे पैसे असे सापडले. मुंबईत घरकाम करत होती तेव्हा अंगठा लावून उघडलेलं खातं होतं, ती विसरूनही गेली होती. पैसे तिथे व्यवस्थित पडून होते.

पोच न घेणं

अर्ज दिला की शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. परत आला तर त्रुटी लेखी मागा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. त्याखाली अधिसूचित दाखले आणि सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाल्या नाहीत, तर तीस दिवसांत अपील करता येतं. पोच नसेल तर अपील कशावर करणार? निराधार आणि श्रावणबाळवाल्यांनी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. झिलाकडे मुंबईला गेलेली म्हातारी माणसं नेमकी तेव्हाच इथे नसतात, आणि पेन्शन थांबतं. तिकीट काढताना हे लक्षात ठेवा.

ज्यांची माणसं बाहेरगावी आहेत त्यांनी हे सगळं गणपतीत करावं. चाकरमानी घरी असतात, आधार खिशात असतात, मृत्यूचा दाखला कोणाच्या पेटीत आहे ते कोणाला तरी आठवतं. आरती झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसून रेशनकार्ड, सातबारा आणि पासबुक मध्ये ठेवायचं, आणि कुठलं नाव आता इथे नाही, कुठलं लागायला हवं, ते एका कागदावर लिहायचं.

काकीने अंगणवाडीत दाखला दिला आहे. वारसांच्या यादीत तिने चेडवाचं नाव स्वतः सांगून घातलं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली आहे, पंधरा दिवस संपायला अजून सहा दिवस आहेत. रोज संध्याकाळी ती एक फेरी मारून नोटीस अजून तिथे आहे ना ते बघून येते.