मदत मागण्याआधी तीन दिवसांची वही

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी निसटायला लागली की माणूस आधी पाणी कमी करतो, मग लग्नकार्याला जाणं बंद करतो. आम्हा इंग्लंडातल्या बोल्टनमधल्या मराठी मंडळींत गुडघ्याच्या वाटीवर तासभर गप्पा रंगतात, या विषयावर मात्र सगळे गप्प. मला हा त्रास आहे, हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

आमच्या शेजारी मँचेस्टरला ‘ब्लॅडर अँड बॉवेल यूके’ आहे, ‘डिसेबल्ड लिव्हिंग’ या १८९७ पासूनच्या धर्मादाय संस्थेचा भाग. लघवी-शौचावरचा ताबा सुटलेल्यांना, त्यांचं करणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या आईबापांनाही तिथून सल्ला मिळतो. औषध मात्र मिळत नाही, ते काम जीपीचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरचं. कुठे जावं, काय मागावं, कोणत्या प्रकारचे पॅड असतात, हे तिथे समजतं. पण नुसतं “त्रास होतो हो” म्हणून गेलात तर समोरचा तरी काय सांगणार? आधी वही करा.

मी उभं आयुष्य लेथवर काढलं, मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. मापाचा प्लॅस्टिकचा जग आणा आणि तो फक्त याच कामाला ठेवा. आमच्या हिनं त्याला लाल चिकटपट्टी लावली, तेव्हा कुठे घरात शांतता झाली. तीन दिवस निवडा, त्यातला एक तरी बाहेर जाण्याचा असू द्या. किती वाजता काय प्यायलात, किती प्यायलात, लघवी किती मिली झाली, हे लिहा. कळ आवरता आली का, निसटली तर त्या वेळी काय करत होतात, हेही लिहा. खोकताना, खुर्चीतून उठताना, की दाराला किल्ली लावताना? यातूनच गळतीचा प्रकार ओळखू येतो. चहाचा मग एकदा मोजून ठेवा, आमच्याकडचा ३०० मिलीचा निघाला. किती गळतं ते कळायला कोरडा पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवीत घालून तोला, मग ओला तोला. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

रात्रीची बेरीज वेगळी करा, तीत सकाळी उठल्यावरची पहिली लघवी धरा. आमच्या पासष्टीपुढच्या वयात ती चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरली, तर दोष मूत्राशयाचा नसून रात्री लघवीच जास्त तयार होत असेल. मग डॉक्टर पायांची सूज, झोपेतलं घोरणं, लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ असं काही बघतात. उलट दिवसभर दर तासाला शंभर-शंभर मिलीच होत असेल, तर गोष्ट निराळी, तेव्हा मूत्राशयाकडेच बघावं लागतं. हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही, वही दाखवली की पटतं.

पोटाचाही रकाना ठेवा. ‘ब्रिस्टल स्टूल चार्ट’मध्ये शौचाचे सात प्रकार चित्रांनी दाखवलेत, तिसरा-चौथा उत्तम. नुसता आकडा लिहिला की वर्णनाचा संकोच टळतो. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणून तेही सांगा. आणि पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की कळ वाढते. काही कमी करायचंच असेल तर चहा कमी करा. (हे लिहिताना माझ्या हातात चहाच आहे.)

वही तयार झाली की संस्थेला विचारा: माझ्या भागात एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) कॉन्टिनन्स सेवा, म्हणजे लघवी-शौचावरच्या ताब्यासाठीची सेवा कुठे, तिथे थेट जाता येतं की जीपीची चिठ्ठी लागते? पॅड एनएचएसकडून मिळू शकतात, पण आधी तपासणी होते आणि नियम भागाभागात बदलतात. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा, एनएचएस तो फुकट देते. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवू नका. त्यांच्यासमोर खरं निम्मंच बोललं जातं.

ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम फिजिओकडून एकदा तपासून घ्या. वारा अडवताना जे आवळतं ते हेच. पोट किंवा ढुंगण ताठ करून उपयोग नाही. तीन महिने तरी नेटानं करा.

लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं तर वही-बिही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. अचानक लघवी अडली, किंवा ताबा जाऊन मांड्यांमध्ये बधिरपणा आला, तर थेट इमर्जन्सीत जा.

सांगलीतल्या बहिणीलाही मी हीच वही आखून पाठवली. युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारांचा डॉक्टर) इथला काय, तिथला काय, रकाने तेच.

बाहेर पडण्यासाठी इथे ‘रडार की’ घ्या. १९८१ पासूनच्या या योजनेत देशभरातली नऊ हजारांहून जास्त अपंगांसाठीची स्वच्छतागृहं एकाच किल्लीनं उघडतात. दुकानात शब्द न खर्चता दाखवायचं टॉयलेट कार्डही मिळतं. पुरुषांच्या संडासात वापरलेला पॅड टाकायला डबा बहुधा नसतोच, तेव्हा खिशात दोन काळ्या पिशव्या आणि एक कोरडा पॅड ठेवा.