सलाईनवर थांबू नका, रक्त लवकर मागवा

ठाणे-नवी मुंबईत पेडियाट्रिक्स किंवा सर्जरीची रेसिडेन्सी सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगते: जखमी मुलाचं बीपी नॉर्मल आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे घोडबंदर रोड आहे, सायन-पनवेल हायवे आहे, उरणच्या बाजूला कंटेनरचे ट्रेलर आहेत आणि जिकडेतिकडे उंच इमारतींच्या गॅलऱ्या. मूल १०८ च्या गाडीतून येतं, नाहीतर रिक्षातून, आईच्या मांडीवर. दोन्हीकडे आपल्या हातात वेळ सारखाच कमी असतो.

मुलाच्या अंगात रक्त असतं किलोमागे साधारण ७० ते ८० मिली. म्हणजे १२ किलोच्या मुलात सगळं मिळून जेमतेम ९०० मिली, पाण्याच्या एका बाटलीपेक्षाही कमी. त्यातलं पंचवीस-तीस टक्के वाहून गेलं तरी बीपी टिकून राहू शकतं, कारण ठोके वाढतात आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सिस्टॉलिकची, म्हणजे बीपीच्या वरच्या आकड्याची, खालची मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट, हे सूत्र पाठ करा. तीन वर्षांच्या मुलाला ७६. पण बीपी त्याखाली गेलं की समजायचं, आपल्याला आधीच उशीर झालाय.

म्हणून मॉनिटरच्या आधी मुलाला हात लावा. तळपाय गार आहेत का? बोट पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का? नाडी वेगवान आणि बारीक लागते का? आणि मूल रडतंय का? नातेवाईक म्हणतात, "आत्तापर्यंत खूप रडत होता, आता शांत झालाय." हे वाक्य कानावर पडलं की तिथून हलू नका.

शिरा आवळलेल्या असताना इंट्राकॅथ (शिरेत घालायची बारीक नळी) जात नाही. एक-दोन प्रयत्न, फार तर दीड मिनिट, आणि मग सरळ हाडात सुई: टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) उंचवट्याच्या थोडं खाली, आतल्या सपाट बाजूला. त्याच पायाचं हाड मोडलं असेल तर दुसरा पाय. आईसमोर हे करायला नवे डॉक्टर कचरतात. सिस्टरनी तिला एका वाक्यात सांगावं: "ताई, शीर सापडत नाहीये, औषध याच वाटेने लवकर जाईल." बहुतेक आया समजून घेतात.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी शिकवायचे, किलोमागे २० मिली सलाईनचा बोलस (एकदम भराभर दिलेला डोस), नाही जमलं तर दुसरा, मग तिसरा, आणि त्यानंतर रक्त. एटीएलएस या जखमींवरच्या उपचारांच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीने हे बदललं: एक बोलस, आणि प्रतिसाद नसेल तर किलोमागे १० ते २० मिली पॅक्ड सेल (रक्तातल्या लाल पेशी). अनेक ठिकाणी तो बोलसही १०-१० मिलीत विभागून, दर वेळी मूल पुन्हा तपासून देतात. मला हे पटतं. सलाईन प्राणवायू वाहून नेत नाही, गोठणारे घटक पातळ करतं, मूल गार करतं, आणि नॉर्मल सलाईन जास्त गेलं तर ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढवतं. थंडी, ॲसिडोसिस आणि न गोठणारं रक्त हे तिघं एकमेकांना ओढतात आणि मूल हातातून जातं.

एका रात्री आमच्या सिस्टर थ्री-वेला (सलाईनच्या नळीवरच्या तीन तोंडांच्या चावीला) ५० मिलीची सिरिंज लावून आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) ओढून ढकलत होत्या. १२ किलोचं मूल, म्हणजे २४० मिली. प्रत्येक सिरिंज रिकामी झाली की त्या मोठ्याने आकडा सांगायच्या, "पन्नास... शंभर... दीडशे", आणि इंटर्न कागदावर वेळेसह लिहायची. दीडशेला मी पाय चाचपले, गारच होते. ब्लड बँकेला फोन तेव्हाच केला, बोलस संपायची वाट पाहिली नाही. ही मोजणी तुमच्या टीमला लावून घ्या. गडबडीत किती गेलं ते कुणालाच आठवत नाही.

फोन स्वतः करा आणि वजन, वय, लिंग सांगा. क्रॉसमॅचचं (रक्त जुळतंय का ते बघायचं) सॅम्पल आधी काढा, पण जीव जात असेल तर ओ ग्रुपसाठी सही करून रक्त घ्या. ओ निगेटिव्ह आपल्या देशात मुळातच कमी. म्हणून ते मुलींसाठी राखून मुलग्यांना ओ पॉझिटिव्ह देतात. तुमच्या रुग्णालयाचा नियम आधी वाचून ठेवा. एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) वितळायला साधारण अर्धा तास लागतो, तेव्हा पॅक्ड सेलसोबतच मागा. रक्ताच्या नळीत आरएल नको, त्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात. पिशवी गरम नळाखाली धरू नका, वॉर्मर वापरा. पिशव्यांमधल्या सिट्रेटने (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाने) मुलाचं कॅल्शियम उतरतं, ते तपासून द्या. २४ तासांत दिलेलं रक्त किलोमागे ४० मिलीच्या वर गेलं की ते मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) तीन तासांच्या आत: किलोमागे १५ मिग्रॅ, जास्तीत जास्त १ ग्रॅम, दहा मिनिटांत. क्रॅश-२ हा २०१० चा मोठा अभ्यास प्रौढांवरचा होता, मुलांचा डोस त्यावरून आणि इतर अनुभवातून आलाय. आणि हे सगळं चालू असताना जखमेवरचा दाब सोडायचा नाही, सर्जनना बोलवायचं. डोक्याला मार असेल तर बीपी कमी ठेवण्याचा प्रयोग करू नका, मेंदूला ते झेपत नाही.

पोस्टिंग सुरू होताच आयओ (हाडात घालायची) सुई कुठल्या कपाटात आहे, किल्ली कुणाकडे असते, ब्लड बँकेचा इंटरकॉम नंबर काय, हे मामांना (वॉर्डबॉयना) आणि सिस्टरना विचारून घ्या. छोट्या नर्सिंग होममध्ये ब्लड बँक नसते; तिथून मूल पुढे पाठवताना समोरच्या डॉक्टरांना फोन करा आणि चिठ्ठीवर लिहा: वजन, किती मिली काय गेलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किती वाजता दिलं, लघवी झाली का. त्यांनाही तुम्ही जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू करायचं असतं.