संरक्षणशास्त्राच्या प्राध्यापकपदाची मुलाखत: नव्या उमेदवारांसाठी

राष्ट्रीय सुरक्षा धोरण शिकवण्याची आणि त्यावर संशोधन करण्याची इच्छा असणाऱ्याला त्या नावाची जागा आपल्याकडील जाहिरातींत क्वचितच दिसते. ती बहुधा ‘संरक्षण व सामरिकशास्त्र’ या विषयाखाली निघते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे आणि नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही तो स्वतंत्र विषय आहे. आधी उमेदवार आणि पुढे विषयतज्ज्ञ अशा दोन्ही नात्यांनी मी या मुलाखतींना बसलो आहे. मेहनती, अभ्यासू मुले एकाच ठिकाणी अडतात हे पाहून वाईट वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

पात्रतेचे नियम थोडक्यात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) लागते. विद्यापीठांतील विभागांसाठी ठरलेली पीएच.डी.ची सक्ती जुलै २०२३ मध्ये मागे घेण्यात आली. मात्र त्याच नियमावलीतील विद्यापीठांसाठीच्या छाननी तक्त्यात पीएच.डी.ला ३० गुण आहेत, तर नेटला ५ आणि सेटला ३, त्यामुळे पीएच.डी. नसलेला उमेदवार पात्र ठरूनही मुलाखतीच्या यादीबाहेर राहू शकतो. राज्य शासन निवडीच्या पद्धतीत स्वतःचे बदल करते, म्हणून जाहिरातीसोबतची नियमावली आणि आपल्या प्रवर्गाची बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांचा क्रम ठरवणारी यादी) अर्ज भरण्याआधी शब्दशः वाचावी.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. उमेदवाराला कारगिलविषयी विचारले की तो शिखरांची नावे आणि तुकड्यांच्या हालचाली उत्तम सांगतो, पण निर्णय कोणी घेतला, कोणत्या यंत्रणेतून घेतला आणि पुढे त्यातून काय बदलले, या प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नसते. सामरिक विषयांचे अभ्यासक के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समिती १९९९ मध्ये नेमली गेली, तिच्या शिफारशींवर मंत्रिगटाने २००१ मध्ये अहवाल दिला आणि त्यात संरक्षण दल प्रमुख (सीडीएस) या तिन्ही दलांसाठीच्या सामाईक पदाची शिफारस होती. ते पद प्रत्यक्षात भरले गेले १ जानेवारी २०२० रोजी. मधली जवळजवळ एकोणीस वर्षे ही शिफारस का रखडली, हा धोरणाचा प्रश्न आहे. लढाईचा इतिहास माहीत असणे आवश्यकच आहे, परंतु तेवढ्यावर निवड समिती तुम्हाला धोरणाचा अभ्यासक मानणार नाही.

दुसरा प्रश्न हमखास येतो: गोपनीयतेच्या क्षेत्रात तुम्ही संशोधन कशाच्या आधारे करणार? १९६२ च्या युद्धावरील हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही, आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८ सुरक्षेशी संबंधित माहिती नाकारण्याची मुभा देते. तरीही संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल, महालेखापरीक्षकांचे अहवाल, अर्थसंकल्पातील अनुदानाच्या मागण्या आणि राष्ट्रीय अभिलेखागारातील कागद एवढे आहेत की एका आयुष्यात वाचून संपत नाहीत. निवृत्त अधिकाऱ्यांशी बोलणे मोलाचे असते, पण त्यांची आठवण कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय शोधनिबंधात घेऊ नये. शासकीय गुपिते कायदा १९२३ पासून लागू आहे; त्याच्या मर्यादा पीएच.डी.चा विषय ठरवतानाच मार्गदर्शकाशी बोलून समजून घ्याव्यात.

विषय निवडताना मराठी येणाऱ्याकडे एक बळ असते आणि ते बहुतेक जण वापरतच नाहीत, याचे मला फार आश्चर्य वाटते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल, त्यावरची विधिमंडळातील चर्चा, सागरी पोलिस ठाण्यांची परिस्थिती, गडचिरोलीतील नक्षलवाद्यांसाठी २००५ पासून असलेली आत्मसमर्पण योजना, या सगळ्यांवर मराठीत कागद आहेत आणि माणसेही बोलायला तयार असतात. कोकणातल्या मच्छीमाराला किनारी सुरक्षेचे नियम कसे जाचतात किंवा कसे उपयोगी पडतात, हे दिल्लीतल्या अभ्यासकाला दुभाष्याशिवाय कळणार नाही. पुढील तीन वर्षांचा संशोधन आराखडा अशा एखाद्या विषयावर दोन पानांत लिहून न्यावा आणि त्यातील प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणत्या कागदावरून सोडवणार हे नोंदवावे. निवड समितीतील बाहेरचे तज्ज्ञ सर्वांत आधी तेच वाचतात.