दवाखान्याचे बिल हाताबाहेर जाण्याआधी

यवतमाळ किंवा वाशीमच्या खेड्यातून रुग्णाला नागपूरला हलवताना पैशांच्या जुळवाजुळवीआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्यावे, कारण महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत ठरावीक आजारांवर कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. भरती होताच आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी रुग्णालयात नेमलेल्या मदतनिसाला गाठावे आणि आजार योजनेत बसतो का, हे अनामत भरण्याआधीच विचारावे. रेशनकार्डावर 'शोभाबाई' आणि आधारवर 'शोभा' एवढ्याशा फरकावरही मंजुरी अडू शकते. ही दुरुस्ती घरी सगळे धडधाकट असतानाच करून घ्यावी, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

योजनेत न बसल्यास, किंवा खाजगी विम्याची रक्कम अपुरी पडल्यास, रुग्णालय धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासाचे आहे का ते पाहावे. अशा रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तरीही रक्कम उरलीच, तर सावकाराकडे शेत गहाण टाकण्याआधी मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करावा. तपशीलवार बिल मागून घ्यावे आणि न वापरलेली औषधे परत करून त्यांची रक्कम वजा करून घ्यावी.