सोलापूरच्या उन्हाला पुरून उरेल असा गुलाब: रोप निवडताना, मागवताना

गुलाबाचं रोप घेताना फूल शेवटी बघा, आधी बूड बघा. दसरा जवळ आला की आमच्या जुळे सोलापुरात शेजारपाजारच्या मुली विचारायला येतात, "काकू, यंदा कुठली रोपं आणू?" त्यांना पहिल्यांदा मी हेच सांगते. फुलाचा फोटो कुणालाही सुंदर काढता येतो. ते फूल आपल्या अंगणात येणार की नाही हे ठरतं खुंटावर (ज्या जंगली गुलाबाच्या बुडावर आपला गुलाब जोडलेला असतो तो), मुळांवर आणि आपल्या हवेवर.

हवेचंच आधी बोलू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 च्या घरात जातो. माती काळी, चुनखडीची. नळाला उजनीचं पाणी काही दिवसांआड, आणि मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी. थंड डोंगराळ गावातला गुलाब बघून "अगदी तसाच हवा" म्हणू नका, त्याला इथलं ऊन सोसणार नाही. पण आपली हवा कोरडी असल्यानं पानांवरचे काळे ठिपके पावसाळ्याचे दिवस सोडले तर फारसा त्रास देत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे सुख नाही.

आता वाण. पहिल्यांदाच गुलाब लावत असाल तर आइसबर्गपासून सुरुवात करा. पांढरा, झुपक्यानं फुलणारा, काटे अगदी थोडे. 1958 साली जर्मनीतल्या कोर्डेस यांनी काढलेला हा फ्लोरिबंडा, म्हणजे झुपक्यानं फुलणाऱ्या जातीचा गुलाब, ऊन चांगलं सोसतो. वास मात्र बेताचाच. जागा असेल तर क्वीन एलिझाबेथ घ्या. 1954 चा गुलाबी वाण, पुरुषभर उंच जातो, म्हणून कुंडीत त्याचे हाल करू नका, जमिनीतच लावा. लाल हवा असेल तर ग्लॅडिएटर. फुलबाजारासाठी महाराष्ट्रातल्या शेतांत हा वर्षानुवर्षं होता, म्हणजे आपल्या हवेत तो मुरलेला आहे. देवाला रोज ओंजळभर सुवासिक फुलं हवी असतील तर ग्रुस आन टेप्लिट्झ शोधा. हा 1897 चा जुना वाण. फूल मध्यम, गडद लाल, मान थोडी खाली घालणारं, वास मात्र घरभर. नर्सरीत पुष्कळदा 'देशी लाल' एवढ्याच नावावर तो मिळतो, तेव्हा वास घेऊन खात्री करा.

डबल डिलाइट सगळ्यांनाच हवा असतो. पाकळी सायीच्या रंगाची, कडेला लाल, वास भरपूर. त्याची कडा उन्हानं रंगते, सावलीत ठेवलात तर फिकाच राहील. पण पानांवर भुरी (पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) लवकर धरतो, हे माहीत असू द्या. काळपट मखमली लाल वाणांच्या पाकळ्या आपल्या दुपारच्या उन्हात कडेनं करपतात. असा वाण घ्यायचाच असेल तर घराच्या पूर्वेला लावा, सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळालं की पुरे.

भारतात तयार झालेल्या वाणांकडेही बघा. डॉ. बी. पी. पाल हे गव्हावर संशोधन करणारे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि त्यांनी कितीतरी गुलाब तयार केले. त्यांचा दिल्ली प्रिन्सेस हा गुलाबी फ्लोरिबंडा मिळाला तर सोडू नका. जो वाण दिल्लीच्या उन्हाळ्यातून निवडून आलाय त्याच्यावर माझा जास्त भरवसा.

पुष्पगुच्छातले लांब दांड्याचे 'डच गुलाब' घरी लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ते पॉलिहाऊसमधल्या सांभाळलेल्या हवेसाठी निवडलेले वाण आहेत. उघड्यावर फूल लहान येतं आणि आपला उत्साह जातो.

आणि विकायला असतात त्या निळ्या गुलाबाच्या बिया? त्यावर एक रुपयाही घालवू नका. गुलाबात निळं रंगद्रव्य बनतच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं जनुकं बदलून 'निळा' गुलाब केला, 2009 मध्ये तो बाजारात आला, तोही दिसायला जांभळटच. शिवाय बियांपासून आईसारखं झाड येत नाही. हव्या त्या वाणाचं रोप डोळा भरून (त्या वाणाचा डोळा खुंटाच्या सालीत बसवून) किंवा छाट कलमानंच (फांदीचा तुकडा रुजवूनच) मिळतं.

आता बूड. रोप हातात घेऊन मातीजवळ बघा. जिथं डोळा भरलाय तिथं खोडाला गाठ दिसते, खालचा तो खुंट आणि वरचा आपला गुलाब. गाठीच्या वर पेन्सिलएवढ्या जाडीच्या निदान दोन काड्या हव्यात. उंचीला भुलू नका, एकच लांब बारीक काडी आणि टोकाला मोठं फूल हे अशक्त रोपाचं लक्षण. गाठीच्या खालून फुटवा निघाला असेल तर तो जंगली खुंटाचा, तो जोर धरून वरच्या गुलाबाला मारतो. साल सुरकुतलेली किंवा शेंडा काळा पडलेला असेल तर रोप परत ठेवा, शेंडेमर पुढे खालपर्यंत उतरते. पानं उलटी करून बघा. बारीक जाळी, धुळीसारखे ठिपके असतील तर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे, आणि आपल्या उन्हाळ्यात तो सगळ्या बागेत पसरतो. शेवटी पिशवी हलकेच हलवा. रोप मातीत डुगडुगत असेल तर नुकतंच पिशवीत भरलंय, मुळ्या धरलेल्या नाहीत.

म्हणूनच मी शक्यतो हातानं निवडते. पुण्याला जाणं-येणं होतंच, महामार्गालगत उरुळी कांचन, सोरतापवाडीला रोपवाटिकांची रांगच आहे. सकाळी घ्या, आणि गाडीच्या बंद डिकीत रोपं भाजू देऊ नका.

लांबून मागवायचं असेल तर वेळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर. फेब्रुवारी संपला की मागवूच नका, कितीही सूट असली तरी. उत्तरेकडून मुळ्यांना शेवाळ गुंडाळून, मातीशिवाय येणारी रोपं हवी असतील तर ती डिसेंबरात हाती पडतील असं बघा, आणि लावण्याआधी मुळ्या काही तास पाण्यात ठेवा.

नर्सरीला व्हॉट्सॲपवर मी असं लिहिते: "वाणाचं नाव कळवा. डोळा भरलेलं आहे की छाट कलम? डोळा भरून किती महिने झाले? मला फुलाचा फोटो नको, जे रोप पाठवणार त्याच्या बुडाचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून पाठवा." जो हा फोटो पाठवतो त्याच्याकडूनच घ्या. 'मिक्स रंग, दहा रोपं' असली ऑर्डर देऊ नका, त्यात नाव कळत नाही आणि पुढे तक्रारही करता येत नाही. पहिल्यांदा दोन-तीनच रोपं मागवून नर्सरी पारखा. पार्सल सोमवारी निघेल असं ठरवून घ्या, म्हणजे रविवारी ते गोदामात पडून राहणार नाही. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, नुकसान झालं तर तोच पुरावा.

रोप आलं की लगेच लावायची घाई नको. तीन-चार दिवस सावलीत, हलकं पाणी. डोळ्यावर प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल आणि डोळा पक्का जुळला असेल तर ती ब्लेडनं कापून काढा, नाहीतर खोड आवळलं जातं. बऱ्याच रोपांची हुंडी, म्हणजे मुळ्यांभोवतीचा मातीचा गोळा, लाल चिकट मातीची असते. ती तशीच कुंडीत ठेवली तर वाळून विटेसारखी होते, पाणी बाजूनं निघून जातं आणि मुळ्या आत कोरड्याच राहतात. म्हणून हुंडी बादलीत पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि बोटांनी बाहेरचा थर हळूहळू सोडवा. पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या की थांबा, पूर्ण फोडू नका.

कुंडी बारा इंचांची तरी घ्या. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती पावसात चिकटून बसते आणि उन्हात भेगाळते. जमिनीत लावायचं तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा करून त्यात हेच मिश्रण भरा. डोळ्याची गाठ मातीच्या दोन बोटं वर राहिली पाहिजे. महिनाभर रासायनिक खत नाही, आणि पहिल्या कळ्या खुडायच्या. जीव हळहळतो, पण झाड भरतं.

बोअरच्या पाण्यानं कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत साधं हिराकस (फेरस सल्फेट) लवकर निकामी होतं, दुकानात 'इडीडीएचए' प्रकारचं चिलेटेड लोह मागा, ते अशा मातीतही झाडाला मिळत राहतं.

मार्चपासून दुपारी हिरवी जाळी आणि बुडाशी वाळक्या पानांचा थर. मे महिन्यात फूल लहान येईल, रंग विटेल. तेवढ्यावरून वाण चुकीचा आला असं ठरवू नका. ऑक्टोबरात छाटणी करा, त्यानंतर साधारण दीड महिन्यानं जे फूल उमलेल ते त्या वाणाचं खरं फूल. ते नावाशी जुळलं नाही तर तेव्हा फोटो काढून नर्सरीला पाठवा आणि बदलून मागा.