‘अर्धी वाटी’ म्हणजे कोणती वाटी? वजनाच्या ऑपरेशननंतर घास मोजायची रीत

लातुरात क्लासेसच्या पोरांसाठी माझी खानावळ आहे. एका डावात किती वरण मावतं, कोणत्या पोराला किती भाकरी लागतील, हे मला न बघता सांगता येतं. तरी वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झाल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर ‘अर्धी वाटी’ असं लिहिलं, तेव्हा मी त्यांना विचारलं, “कोणती वाटी?” माझ्या फडताळात देवाच्या नैवेद्याच्या वाटीपासून खिरीच्या वाटीपर्यंत सगळी मापं आहेत. त्यांनी हसून मिलिलिटर लिहून दिले. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांकडून मिलिलिटरच मागून घ्या.

पहिलं काम घरची भांडी मोजण्याचं. स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा घ्या, त्यावर रिकामी वाटी ठेवा, आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. काटा नसेल तर खोकल्याच्या औषधावर रेघांचं टोपण येतं, ते धुऊन त्यानं पाणी मोजून ओता. माझी नैवेद्याची वाटी ६० मिली निघाली, आमटीची १५० आणि मेसची २०० च्या पुढं. म्हणजे मेसची ‘अर्धी वाटी’ नैवेद्याच्या भरल्या वाटीपेक्षा मोठी! म्हणून मी अर्धी-पाऊण हा हिशोबच सोडला. आपलं माप ज्या वाटीत काठोकाठ बसतं ती वाटी आपली. माप वाढलं की वाटी बदलायची. ताट मात्र लेकरांचंच. मोठ्या ताटात साठ मिलीचं पिठलं ठेवलं की सासूबाई म्हणणारच, “एवढ्यानं काय होतंय माय?”

सासूबाईंना समजावून सांगायचं ते हे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, एक अरुंद नळी उरते. वजनाच्याच दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, म्हणजे जठराच्या बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे), तर जठराची वरची पिशवी सुरुवातीला ३० मिलीच्या आसपास असते, म्हणजे दोन मोठे चमचे. आणि भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्याच भागात तयार होतं जो स्लीव्हमध्ये जातो. त्यामुळं पहिले काही महिने भूक लागली का, पोट रिकामं वाटतं का, हे विचारण्यात अर्थ नसतो. घड्याळ आणि वाटी यांचंच ऐकायचं.

पहिले दोन आठवडे सगळं पातळ, घोट घोट. तिथं मापाचा प्रश्नच नाही, सावकाश घेण्याचा आहे. पुढचे दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेलं, एका वेळी दोन ते चार मोठे चमचे, दिवसातून चार ते सहा वेळा. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, वाढायचा डाव नव्हे. मग मऊ जेवण, ६० ते १२० मिली. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण हळूहळू सुरू होतं, आणि वर्षाच्या आसपास पुष्कळांचं एका वेळचं जेवण २०० ते २४० मिलीपर्यंत स्थिरावतं. तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं असेल तर त्यांचंच पाळा.

आता खरी मेख. वाटीभर काय, यावर सगळं अवलंबून आहे.

दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, पुष्कळांना ६० ते ८० सांगतात. शंभर मिली घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम असतं. म्हणजे नुसत्या वरणावर साठ गाठायचं तर शंभर मिलीच्या दहा वाट्या, त्याही घट्ट. ते होणे नाही. म्हणून वाटीतली अर्धी जागा आधी अंडं, पनीर, कोंबडी, सोयाबीन यांची, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. माझा एखादा दिवस असा जातो: सकाळी एक अंडं आणि आणखी एका अंड्याचं पांढरं, मिळून दहा ग्रॅम. मधल्या वेळेला २०० मिली दूध, सहा. दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि चार चमचे घट्ट वरण, बारा. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर, एका मापात वीसेक. रात्री ५० ग्रॅम शिजलेली कोंबडी, नाहीतर २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्या भिजवून, तेरा. झाले साठ. सोया वड्या कोरड्या असताना तोला. भिजल्यावर त्या पाणी पिऊन तिप्पट जड होतात आणि हिशोब फसतो. लातूरच्या अडतीत सोयाबीनचे ढीग लागतात, पण आमच्या घराघरात या वड्यांना अजून ‘आजारी माणसाचं खाणं’ समजतात, याचं मला नवल वाटतं.

पिठलं आपल्यासाठी चांगलं. मऊ, बेसनाचं, सहज उतरणारं. तेल चमचाभर आणि मिरची नावापुरती, एवढं सांभाळा. शेंगदाण्याच्या चटणीचं मात्र तसं नाही. मोठा चमचाभर कूट म्हणजे दहा ग्रॅम, त्यात प्रोटीन अडीच ग्रॅम आणि कॅलरी पंचावन्नच्या वर. आपण तर कूट भाजीत घालतो, चटणीत घालतो, वर पुन्हा तेल. वाटी लहान आहे म्हणून सगळं खपतं असं नाही.

ज्वारीच्या भाकरीचं माप तुकड्यांनी धरा. सुरुवातीला चतकोरही नाही, नितकोर. पापुद्रा आणि करपलेली कड सोडून मधला मऊ भाग, जेवणाच्या शेवटी. मला भाकरी चपातीपेक्षा बरी सोसते, चपातीचा गोळा छातीत अडकल्यासारखा होतो. काहींचं उलट असतं. धपाटं खायचं तर चार बोटं रुंदीचा तुकडा, दह्यासोबत. भाकरी आमटीत कुस्करून पातळ काला करायची आपली सवय इथं नडते, कारण पातळ झालेलं अन्न झरझर खाली सरकतं, पोट भरल्याचं कळतच नाही आणि दुप्पट जातं. चहात बुडवलेलं बिस्किट, बारीक शेव, आइस्क्रीम, ही सगळी त्याच जातीची. पोट तक्रार करत नाही म्हणून प्रमाण बरोबर आहे, असं यांच्या बाबतीत समजू नका. यांना वाटीचंही माप लागू नाही. घरात आणूच नयेत.

जेवायला वीस ते तीस मिनिटं. लहान मुलांचा चमचा, तोही अर्धा भरलेला, घास पंचवीस-तीस वेळा चावायचा आणि चमचा खाली ठेवायचा. अर्ध्या तासानंतर वाटीत उरलं तर उरलं, झाकून ठेवा. तास-तास चिवडत बसलं की ते जेवण राहत नाही, दिवसभराचं चरणं होतं.

आणि थांबायचं कधी? ‘पोट भरलं’ असं वाटेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. त्याआधी शरीर खूण देतं. कुणाचं नाक वाहतं, कुणाला शिंक येते, कुणी मोठा सुस्कारा सोडतो. मला उचकी लागते. छातीच्या मधोमध दाब वाटायला लागला तर ती शेवटची खूण. पुढचा एक घास म्हणजे दुखणं, तोंडाला फेस आणि उलटी. एक-दोन आठवडे लक्ष ठेवलं की आपली खूण सापडते, मग तो घास वाटीत परत ठेवायला लाजू नका.

पाणी जेवताना नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसभरात दीड ते दोन लिटर घोटाघोटानं संपवायचं, आणि मे महिन्यात आमच्याकडं ते अवघड जातं. मी लिटरच्या दोन बाटल्या सकाळी भरून ठेवते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना पाणी मोजायचं काय शिकवायचं! सोडा, कोल्ड्रिंक मात्र बंद, फुगवटा सहन होत नाही.

स्वयंपाक करणाऱ्या बायांना एक वेगळं सांगणं आहे. चव बघणं हे जेवणच असतं. खानावळीत भाजी, वरण, पिठलं, कढी असं करत सकाळभरात किती पोटात जातं ते मी एकदा वाटीत वेगळं काढून पाहिलं, तर माझी एका वेळची वाटी भरली. आता मीठ-तिखट कामावरची मावशी बघते. तुमच्याकडं मावशी नसेल तर तळहातावर एक थेंब, बस्स. लेकराच्या ताटात उरलेला घास उचलणंही याच हिशोबात धरा.

वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, शेतावर गेलं की सगळी मापं उधळतात. तिथं भज्जी आधी वाढून घ्या, ती डाळी-भाज्यांची मऊ असते, चार चमचे. त्यावर बाजरीच्या उंड्याचा सुपारीएवढा तुकडा. आंबील वेगळी, तासाभरानं, पेल्यातून घोट घोट. गव्हाच्या खिरीला हात जोडा. बायपासवाल्यांना गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात, त्याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही कधी कधी होतं. पंगतीत ताट रिकामं दिसलं की वाढपी थांबत नाही, म्हणून एका कोपऱ्यात भाताची मूद तशीच राहू द्या. कुणी फारच आग्रह केला तर ‘डॉक्टरांनी नको म्हणलंय’ एवढंच. ऑपरेशनची कथा सांगायला लागलात तर जेवण बाजूला राहील आणि सल्ले वाढले जातील.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटीत कितीही चांगलं असलं तरी आयुष्यभर. आणि वरचेवर उलट्या होत असतील तर प्रमाण कमी करत घरी बसू नका. ‘बी-१’ कमी पडून मेंदू-नसांवर परिणाम होऊ शकतो. घोटभर पाणीही टिकत नसेल, ताप असेल, पोटात जोराचं दुखत असेल किंवा धडधड थांबत नसेल, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. रात्र झाली असली तरी.